भिंतीवरच्या उघड्या वायरी झाकायच्यात? आधी वायर बघा, मग पट्टी आणा

आमची बिल्डिंग डोंबिवलीची, १९८४ ची, चार मजली, लिफ्ट नाही. आमच्या घरात मूळ वायरिंग सागाच्या लाकडी पट्टीवरचं होतं, म्हणजे भिंतीवर पातळ लाकडी पट्टी, तिच्यावर वायर आणि दर काही इंचांवर छोटी पत्र्याची क्लिप दुमडलेली. त्यानंतर ज्याला जसं सुचलं तशी भर पडत गेली. फ्रिजची वेगळी लाईन आली, मग केबलवाला आला, मग इन्व्हर्टर, मग एसी, मग वायफाय, आणि प्रत्येकाने आपापली वायर आपल्याला सोयीच्या रस्त्याने नेली, एकाने तर हॉलच्या भिंतीवरून तिरकी. रंग काढायचं ठरलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आमच्या हॉलमध्ये भिंत कमी आणि वायरी जास्त दिसतायत.

मी काही इलेक्ट्रिशियन नाही. पण हे काम मी अर्धं स्वतः आणि अर्धं आमच्या बिल्डिंगच्या वायरमन काकांकडून करून घेतलं, त्यात एक चांगला झटकाही खाल्ला (तो किस्सा पुढे येतोच), आणि आता ओळखीत कोणी विचारलं की तेच तेच परत सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

काकांना मी पहिल्या दिवशी म्हटलं, हे सगळं झाकून टाकायचंय, किती पट्टी (वायर झाकायची प्लास्टिकची) लागेल? तर ते म्हणाले, "अगं, पट्टी लावली म्हणून वायर नवी होते का?" मला तेव्हा राग आला होता. पण सगळ्या कामाचा गाभा तोच निघाला. उघडी वायर निदान दिसते तरी, तिला तडे गेलेत, ती काळी पडलीय, उंदराने कुरतडलीय, हे जाता येता लक्षात येतं. झाकली की ते सगळं आत चालू राहतं आणि आपल्याला कळत नाही. त्यामुळे वायर झाकण्याच्या लायकीची आहे का ते आधी बघायचं, आणि झाकल्यावरसुद्धा ती पुन्हा उघडून बघता येईल अशीच झाकायची.

तुम्ही काय करायचं आणि वायरमनने काय

हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पट्टीचा रस्ता आखणं, पट्टी कापणं, भिंतीला बसवणं, आहे ती धडधाकट वायर जोड न उघडता तिच्यात बसवणं आणि झाकण लावणं, एवढं हाताला सवय असलेला माणूस करू शकतो. वायर बदलणं, लांबवणं, नवीन पॉइंट काढणं, बोर्ड उघडून जोडणी करणं हे परवाना असलेल्या वायरमनचं काम आहे, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाहीये, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही तसंच आहे, बल्ब, पंखा, फ्यूज, बटण असल्या किरकोळ बदलाबदलीला सूट आहे पण वायरिंगमध्ये भर घालणं किंवा फेरफार करणं परवानाधारकाकडूनच व्हायला हवं. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा, भिंतीला भोकं पडणार आहेत, डिपॉझिटवरून नंतर वाद नको.

आधी लाईट बंद. आणि खरंच बंद झालीय का ते बघा

तर तो झटका. मी मेन स्विच खाली केला, पंखा थांबला, टीव्ही बंद झाला, म्हटलं झालं. स्टुलावर चढले, बेडरूमच्या दारावरची वायर हाताने बाजूला केली आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. स्टुलावरून पडले नाही हे नशीब. कारण काय तर ती वायर इन्व्हर्टरच्या लाईनची होती, मेन बंद झाल्याबरोबर इन्व्हर्टरला वाटलं लाईट गेली, त्याने इमानदारीत आपली लाईन चालू केली, आणि त्या वायरच्या वरच्या आवरणाला नेमकी तिथेच चीर होती.

म्हणून बंद करायचं ते या क्रमाने. इन्व्हर्टर असेल तर आधी तो त्याच्या बटणाने बंद करा, त्याच्याकडून घराच्या लाईनला जाणारी पिन काढून ठेवा, ती पिन नसून थेट जोडणी असेल तर ते वायरमनकडून तोडून घ्या. मग मेन किंवा सगळे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) खाली करा. जुन्या घरात एमसीबी नसतात, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात, आणि काही ठिकाणी फेजला (करंट आणणारी तार) एक आणि न्यूट्रलला (करंट परत नेणारी तार) एक असे दोन असतात. त्यातला एकच काढला आणि तो नेमका न्यूट्रलचा निघाला तर दिवे बंद होतात पण वायरीत करंट तसाच असतो. दोन्ही काढा आणि खिशात ठेवा, म्हणजे आपल्याआधी कोणी लावणार नाही. मेनवर एक कागद चिकटवा, "काम चालू, हात लावू नये". घरात सासूबाई असोत नाहीतर मुलं, सगळ्यांना तोंडाने पण सांगा, कारण कागद कोणी वाचत नाही.

आणि नुसतं बोर्डवरचं बटण बंद करून वायर मेली असं कधीच समजू नका. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल (जुन्या घरांत हे सापडतं) तर दिवा बंद दिसतो आणि होल्डरपर्यंत फेज जिवंत असतो.

लाईट गेलेली असताना "आत्ता लाईट नाहीच आहे तर उरकून घेऊ" हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, ती कधी येईल हे महावितरणलापण सांगता येत नाही.

आता टेस्टर. आपला तो छोटा स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर आपल्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. लाकडी स्टूल, पायात रबरी चप्पल, वर खिडकीतून ऊन, अशा वेळी तो इतका मंद पेटतो की दिसतच नाही, आणि आपण समजतो करंट नाही. म्हणून तीनदा बघायचं. लाईट बंद करायच्या आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर घालून तो पेटतोय ना बघा, मग सगळं बंद करून कामाच्या जागी बघा, आणि मग परत कुठल्यातरी चालू सॉकेटवर (शेजाऱ्यांकडे विचारून) बघा की मधल्या काळात टेस्टरच तर गेला नाही. कंटाळवाणं आहे खरं, पण मिनिटभराचं काम आहे. घरात मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल तर अजून उत्तम, आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट दाखवतो, बंद केल्यावर शून्याच्या जवळ यायला हवा.

वायर झाकण्यासारखी आहे का

आता उजेडात, बॅटरी घेऊन, पूर्ण वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत जा. हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात आणि मी इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन.

बोटाने हलकेच वाकवून बघा. आवरण कडक होऊन त्याला बारीक तडे जात असतील तर ती वायर संपली. आवरण काळं रबराचं असेल, वरून कापडासारखी विणलेली जाळी असेल, तर ती फारच जुनी आहे, तिला वाकवायच्या फंदात पण पडू नका, रबर भुगा होऊन हातात येतं आणि आतली तार उघडी पडते. कुठे काळं किंवा तपकिरी पडलंय, वितळल्यासारखं वाटतंय, तिथे कधीतरी वायर तापलीय. काळी टेप गुंडाळलेले जोड मोजा. आमच्या हॉलमध्ये अकरा फुटांत तीन जोड होते.

टोकाशी आतली तार दिसत असेल तर रंग बघा. तांब्याचा लालसर असतो. पांढरट चंदेरी दिसली तर एकतर कल्हई केलेलं तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम, ते वायरमन ओळखेल. अ‍ॅल्युमिनियमच्या वायरिंगची जुनी घरं अजून आहेत. ते वाईटच असतं असं नाही, पण ते स्क्रूखाली दबून दबून सैल होतं, आणि कोणी त्याला तांब्याची वायर थेट पिळा मारून जोडली असेल तर त्या जोडात गंज धरतो, जोड तापतो. असा जोड पट्टीच्या आत अजिबात जाता कामा नये.

मग वेणीसारखी पिळलेली दोन तारांची जुनी फ्लेक्स वायर, जी लोक होल्डरला नाहीतर टेबलफॅनला लावायचे, ती कोणी भिंतीवरून नेऊन पॉइंट काढला असेल तर ती झाकायची नाही, काढून टाकायची. तेच एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरचं. एक्स्टेन्शन बोर्ड तात्पुरता असतो, त्याची वायर पट्टीत घालून त्याला कायमचा पॉइंट करू नका, सतरंजीखालून तर त्याहून नाही.

आणि बघा की तारा किती आहेत. दोनच असतील, हिरवी नसेल, तर अर्थिंग नाहीये. दिव्या-पंख्याच्या जुन्या लाईनला हे बऱ्याचदा सापडेल. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, गीझर, इस्त्री यांच्या लाईनला अर्थिंग नसेल तर पट्टीबिट्टी बाजूला ठेवा आणि आधी ते करून घ्या.

यातलं एकही लक्षण दिसलं तर वायरमनला बोलवा आणि त्याला मेगर आहे का विचारा. मेगर म्हणजे आवरण किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र, घरगुती वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी लावून बघतात आणि किमान १ मेगाओम तरी यायला पाहिजे. सगळी उपकरणं काढून ठेवल्यावर हे करतात. आमच्या हॉलच्या लाकडी पट्टीवरच्या वायरी यात नापास झाल्या, बेडरूमच्या पास झाल्या. म्हणजे हॉलला नवीन वायर आणि बेडरूमला नुसती पट्टी, असा निर्णय भांडण न होता झाला.

लाकडी पट्टी असेल तर तिला मागून वाळवी लागलीय का तेपण बघा. आमच्याकडे स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला.

नवीन वायर घ्यायची झालीच तर

कुठली घ्यायची ते वायरमन सांगेल, पण आपल्याला माहीत असलेलं बरं. दिवे-पंखे १.५ चौरस मिलिमीटर (काही जण १ वर भागवतात), १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट २.५, आणि एसी-गीझरला बहुतेक करून ४. दुकानात याला नुसतं "दीडची", "अडीचची", "चारची" म्हणतात. हिशेब अवघड नाही, २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर ओढतो, ३००० चा १३. वायरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ छापलेलं असतं ते बघा. लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. दुकानदार म्हणाला हिरवी संपलीय, काळीच दोन्हीला वापरा, तर दुसऱ्या दुकानात जा.

पट्टी, पाइप की झिरी

तीन रस्ते आहेत. एक म्हणजे पीव्हीसीची केसिंग पट्टी, तिला केसिंग-कॅपिंग म्हणतात, खालचा पन्हाळीसारखा भाग भिंतीला स्क्रूने बसतो आणि वरचं झाकण त्याच्यावर टक् करून बसतं. दुसरा, भिंतीवरून पीव्हीसी पाइप, जो गॅलरीत, जिन्यात, जिथे धक्के लागतात तिथे बरा. तिसरा, भिंतीला झिरी मारून आत पाइप घालून वरून प्लॅस्टर, म्हणजे कन्सील.

पहिल्यांदा करणाऱ्याने पट्टीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. कन्सील दिसायला छान, प्रश्नच नाही, पण धूळ, आवाज, सोसायटीची परवानगी, परत रंग, आणि भिंत कापणं हा पोरखेळ नाही. कॉलम आणि बीमला तर हातच लावायचा नाही. विटांच्या भिंतीला उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नको असा नियम आहे, म्हणजे ९ इंची भिंतीत आडवी झिरी फार तर दीड इंच. साडेचार इंची पार्टिशनला आडवी झिरी मारूच नका. आणि झिरीत वायर तशीच, पाइपशिवाय ठेवून वर सिमेंट नाहीतर पीओपी फासणारे महाभाग असतात, ते कोणीही कितीही अनुभवी असलं तरी त्यांना थांबवा, ती वायर परत कधी काढता येत नाही आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली की भिंतच झटका द्यायला लागते. फॉल्स सीलिंगच्या वर मोकळ्या वायरी टाकून देणं हा त्यातलाच प्रकार. कन्सील केलंच तर प्लॅस्टर करायच्या आधी भिंतीला मेजर टेप लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, पुढे खिळा ठोकताना तेच कामाला येतात.

सामान

पट्टी पाऊण इंची, एक इंची, दीड इंची अशा रुंदीत मिळते. आतली जागा वायरींनी अर्ध्याच्या आसपासच भरावी, ठासून भरायची नाही. वायरीतून करंट गेला की ती थोडी तापते, साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअसची, आणि एकमेकींना चिकटून कोंबलेल्या वायरींना ती उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून दोन-तीन दिव्याच्या तारांना पाऊण इंची, आणि शंका आली की एक साइज वरची.

घेताना झाकण बसवून काढून बघा. सैल बसत असेल किंवा पट्टी बोटांनी दाबल्यावर कडकड वाजून चिरत असेल तर ती भंगार प्लास्टिकची आहे, नको. एल्बो, टी, आतला कोपरा, बाहेरचा कोपरा हे तयार तुकडे मिळतात, ते घ्या, नवख्या हाताने ४५ अंशात कापलेला कोपरा कधीच नीट जुळत नाही, माझा नाही जुळला. बाकी ६ एमएमचं ड्रिल बिट, त्याच साइजच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या (भोकात बसवतात, त्यात स्क्रू धरतो), इंच-सव्वा इंच स्क्रू, हॅक्सॉ ब्लेड, कानस किंवा पॉलिशपेपर, मेजर टेप, पेन्सिल, ओळंबा.

रस्ता आखणं

वायर कायम उभी किंवा आडवी. तिरकी कधीच नाही, जवळ पडली तरी नाही. पुढे त्या भिंतीला कोणी खिळा ठोकेल तो अंदाजानेच ठोकेल आणि अंदाज बोर्डच्या सरळ वर नाहीतर सरळ बाजूला असाच असतो.

सगळ्यात कमी दिसणारा रस्ता छताच्या कडेने जातो. वरून आडवी न्यायची आणि जिथे बोर्ड आहे तिथे सरळ खाली उतरवायची. दाराच्या चौकटीच्या कडेनेपण छान लपते, फक्त चौकटीच्या बरोबर वर नको, तिथे तोरणाचे खिळे येतात, दर दसऱ्याला नवीन. गणपतीचं मखर ज्या भिंतीला लागतं ती भिंतसुद्धा शक्यतो सोडा. खालून नेणार असाल तर स्कर्टिंगच्या चांगलं वरून न्या, आपल्याकडे लादी नुसती पुसत नाहीत, सणासुदीला बादलीने धुतात.

गॅसच्या शेगडीच्या वरून नको, सिंकच्या मागून नको, बाथरूमच्या आत तर पट्टी नकोच, वाफ धरते. आणि पश्चिमेच्या भिंती, ज्यांना जुलैत पोपडे येतात, त्यांच्यावर पट्टी लावायच्या आधी ओल थांबवा. रंग फुगलेल्या भिंतीत गिट्टी धरतच नाही, पट्टी महिन्यात वायरीसकट लोंबते.

वायफाय, केबल टीव्ही, फोन, सीसीटीव्ही यांच्या वायरी लाईटच्या पट्टीत घालायच्या नाहीत. त्यांचं आवरण २३० व्होल्टसाठी बनवलेलंच नसतं, आत कुठे घासून उघडी पडली तर करंट सरळ राउटरमध्ये. त्यांना वेगळी पट्टी, मध्ये वीतभर अंतर, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर सरळ काटकोनात. एसीची आणि गीझरची लाईनपण स्वतंत्र पट्टीत ठेवा, तिच्यात दिव्याच्या वायरी घुसवू नका.

दोरीला नीळ लावून दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधून टचकन सोडायची, भिंतीवर सरळ रेघ उमटते. गवंड्यांची पद्धत आहे, फूटपट्टीने रेघ मारण्यापेक्षा कितीतरी बरी. उभ्या रेघेला ओळंबा.

ड्रिल

ड्रिल मारायच्या जागी आत काही पुरलेलं तर नाही ना, बोर्डच्या सरळ वर-खाली, नळाच्या सरळ वर-खाली विचार करून मारा. आता लाईट बंद आणि ड्रिलला तर लाईट हवी, ही गंमत प्रत्येकाची होते. बॅटरीचं ड्रिल असेल तर उत्तम, नाहीतर शेजाऱ्यांकडून एक्स्टेन्शन घ्या, पण आपलं मेन चालू करू नका.

पट्टीचा खालचा भाग रेघेला धरून दोन्ही टोकांपासून चार बोटं आत एकेक आणि मध्ये दर दीड-दोन फुटांवर खूण करा. भोक गिट्टीच्या लांबीपेक्षा किंचित खोल. भोकाच्या खाली जुन्या पत्रिकेचा लिफाफा उघडा करून चिकटपट्टीने लावा, सगळी धूळ त्यात पडते, आमच्याकडे लग्नसराईमुळे लिफाफ्यांची कमी नाही. चष्मा घाला, वर बघून ड्रिल करताना माती डोळ्यातच येते.

काही लोक पट्टी दुहेरी चिकटपट्टीवर लावतात. वायफायच्या एका बारीक वायरीला चालेल. लाईटच्या वायरींना नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात गोंद सुटतो आणि सगळं ओझं बोर्डमधल्या जोडांवर येतं. खिळेसुद्धा नकोत, खिळा ठोकताना पट्टी तडकते आणि कधी कधी वायरपण.

बसवणं

पट्टी कापा, कापलेली कड कानसीने नाहीतर पॉलिशपेपरने गुळगुळीत करा. हे सोडू नका, ब्लेडने कापलेल्या प्लास्टिकची कड धारदार राहते आणि वायर तिच्यावरून ओढली की आवरण सोलतं. स्क्रू पूर्ण आत बसवा, डोकं वर राहिलं तर तेपण वायरीला टोचतं.

जुन्या क्लिपा सोडवताना वायर ओढू नका. एकेक क्लिप पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटून वायर मोकळी करा, हाताने सरळ करा, पन्हाळीत ठेवा. ताणून बसवायची नाही, बोर्डपाशी वीतभर सैल ठेवता आली तर वायरमन तुम्हाला दुवा देईल. कोपऱ्यात टोकदार घडी नको, गोलसर वळवा. वायर पन्हाळीतून उसळत असेल तर प्रत्येक हातभर अंतरावर झाकणाचा छोटा तुकडा तात्पुरता लावत पुढे जा आणि मग खरं झाकण लावताना ते काढत या.

पट्टीच्या आत जोड नको. एकही नको. जोड लागणारच असेल तर तिथे जंक्शन बॉक्स बसवून त्यात कनेक्टर लावायचा (वायरमनकडून), आणि तो बॉक्स कपाटामागे नाही, हात पोचेल तिथे. घरात कुठेतरी जळाल्याचा वास आला की वायरमन पहिल्यांदा जोडच शोधतो, आणि तो कपाटामागे असला की आधी कपाट रिकामं करण्यात अर्धा तास जातो.

वायर बोर्डमध्ये जिथे शिरते तिथे पट्टी थेट बोर्डला टेकली पाहिजे. मध्ये दोन बोटांची फट राहिली की तीच पालीची आणि झुरळांची ये-जा. आमच्या जुन्या बोर्डमधून एक वाळलेली पाल निघाली होती, तिच्यामुळेच ते बटण अधूनमधून फुरफुरायचं.

सगळं बघून झालं की झाकण. एका टोकापासून तळव्याने दाबत जा, टक् टक् आवाज येतो. बसत नसेल तर हातोडी घेऊ नका, आत वायर कुठेतरी वर आलीय किंवा पट्टी लहान पडलीय. झाकणातून स्क्रू मारायचा नाही, कधीही.

लाईट चालू करताना

आधी एकच एमसीबी वर करा, त्या लाईनचे दिवे बघा, मग पुढची. एमसीबी लगेच पडला तर परत परत वर करून बघू नका, कुठेतरी वायर दाबली गेलीय, बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा. आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवलेला असेल (घरगुती वापराला ३० मिलिअँपिअरचा असतो) तर त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, तो ताडकन पडला पाहिजे. नसेल तर याच खेपेला बसवून घ्या, पट्टीच्या सगळ्या खर्चापेक्षा मला तो खर्च जास्त पटला. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला झटका बसताना तो पडेलच असं नाही, ते काम आरसीसीबीचं.

दोन-तीन तास नेहमीसारखा वापर झाला, फ्रिज, इस्त्री वगैरे, की पट्टीवरून हाताची उलटी बाजू फिरवा. कोमटपण लागता कामा नये. लागली तर झाकण उघडायची वेळ आली, अर्थात मेन बंद करून.

रंग द्यायचा असेल तर पट्टी पॉलिशपेपरने हलकी खरवडून भिंतीचाच प्लॅस्टिक पेंट चालतो, पण झाकणाच्या सांध्यात रंग भरू देऊ नका, वाळला की झाकण चिकटतं. आमच्या रंगाऱ्याने तेच केलं, मग मी ब्लेडने सगळा सांधा परत मोकळा करत बसले.

झाकून झाल्यावर मी एका कागदावर घराचा वेडावाकडा नकाशा काढला, कुठल्या पट्टीत कुठली लाईन, कुठला एमसीबी कशाचा, इन्व्हर्टरची लाईन लाल पेनाने, आणि तो मीटरच्या दाराला आतून चिकटवलाय. दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, मेन आणि इन्व्हर्टर बंद करून दोन-चार ठिकाणची झाकणं उघडते, उंदीर, मुंग्या, ओल, काळेपणा काही दिसतोय का बघते आणि परत लावते. उरलेले पट्टीचे तुकडे आणि दोन एल्बो माळ्यावर पिशवीत ठेवलेत. मागच्या महिन्यात नवीन वायफायवाला आला आणि हातात हातोडी नि क्लिपांचा डबा घेऊन हॉलच्या भिंतीकडे तिरकं बघायला लागला, तेव्हा ती पिशवी काढून दिली.